भिंतीवरचं निळं पाणी

शिडी म्हणून मी आता फार जुनी झाले आहे, मित्रांनो. माझ्या अकरा पायऱ्यांपैकी नऊच शाबूत आहेत. घरात मला शिडी म्हणतात आणि गल्लीत नसेनी. झाशीतल्या मराठी घरातल्या वस्तूला अशी दोन नावं पडतातच. मी दोन्हींना ओ देते.

माझा जन्म मऊरानीपुरच्या एका सुताराच्या अंगणात झाला. त्यानं सागाचे दोन लांब वासे महिनाभर उन्हात वाळवले, त्यांना समोरासमोर भोकं पाडली आणि शिसवीच्या पायऱ्या ठोकून बसवल्या. खिळा एकही वापरला नाही. "बाबूजी, चालीस साल की गारंटी," असं त्यानं मला न्यायला आलेल्या भागवतांना सांगितलं. बसच्या टपावर आडवी बांधून त्यांनी मला झाशीला, प्रेम नगरात आणलं.

या भागवतांचे पूर्वज पावणेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेतून इथं आले आणि इथंच राहिले. तरी गल्लीतली म्हातारी माणसं त्यांना अजून 'दक्खिनी' म्हणत. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे. पाडव्याला गुढी उभारायची झाली की मला बाहेर काढत, आणि ती पाहायला आजूबाजूची मुलं जमत. दिवाळीआधी माझा मुक्काम रोज वेगळ्या घरी असे. कुणाला चुना लावायचा असे, कुणाला पंखा पुसायचा असे. परत आणताना लोक मला धुऊन आणत. ते दिवस माझ्या मानाचे होते.

भागवतांचा मुलगा रामकृष्ण रेल्वेत इंजिनिअर झाला. शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. आफ्रिकेत मोझांबिक नावाचा समुद्रकाठचा देश आहे. तिथला लढाईत मोडलेला रेल्वेमार्ग पुन्हा उभा करायला इथून इंजिनिअर गेले, त्यांत तो होता. सात वर्षांनी परत आला तेव्हा त्याचे आईवडील हयात नव्हते. त्याच्याबरोबर बायको होती, तिचं नाव अमेलिया, आणि चार वर्षांची मुलगी होती, शाल्मली.

त्या दिवशी मी ओसरीत भिंतीला टेकून उभी होते, म्हणून मी ऐकलं. शेजारच्या बाईंनी अमेलियाचा काळा रंग आणि दाट कुरळे केस पाहिले आणि विचारलं, "बहूजी कहाँ की हैं?"

रामकृष्णानं हातातली ट्रंक खाली ठेवली. मग म्हणाला, "गोवा की हैं. ईसाई हैं."

अमेलियाला तेव्हा हिंदी येत नव्हती, मराठीही नाही. पण 'गोवा' हा शब्द तिच्या ओळखीचा होता. तिच्या देशावर ज्या पोर्तुगीजांनी राज्य केलं त्यांनीच गोव्यावरही केलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि नवीन घरात आलेली बाई हसते तशी हसली.

त्या एका शब्दावर बावीस वर्षं गेली. गल्लीत सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे गोवा म्हणत. अमेलिया मराठी शिकली, साडी नेसायला शिकली, संक्रांतीला तीळगूळ वाटायला शिकली. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवत, पण तिला कुंकू लावताना त्यांचं बोट तिच्या कपाळाला जेमतेम टेके.

शाल्मलीला शाळेत मुलं 'हब्शन' म्हणत. ती घरी येई, दप्तर टाकी, माझ्यावरून सरसर चढून गच्चीवर जाऊन बसे आणि दिवेलागणीपर्यंत खाली येत नसे. एकदा रामकृष्ण खालून म्हणाला, "अगं, सांगायचं त्यांना, आई गोव्याची आहे म्हणून."

वरून आवाज आला, "पण ती नाहीये ना, बाबा."

तो आत निघून गेला.

शाल्मली मोठी झाली, ग्वाल्हेरला चित्रकला शिकली आणि सीपरी बाजारातल्या एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली. मी ओसरीत तशीच उभी होते. गल्लीत सगळ्यांकडे ॲल्युमिनियमच्या हलक्या शिड्या आल्या होत्या. मला मागायला कुणी येत नसे. माझ्यावर ओली पायपुसणी वाळत घालत. मला वाटलं होतं, माझं आयुष्य असंच संपणार.

सीपरी बाजारच्या पलीकडे एक तळं आहे. लोक त्याला तलैया म्हणतात. त्याच्या काठावर चाळीस-पन्नास घरं आहेत. ती माणसं पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यात शिंगाडे लावत आली. त्यांतली एक लीला. फुगवलेल्या रबरी ट्यूबवर बसून ती तळ्यात जाई आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून शिंगाडे तोडी. तिची मुलगी शाल्मलीच्या वर्गात होती. शाळेत त्या मुलीच्या हातांवर चट्टे दिसले, म्हणून शाल्मली तिच्या घरी गेली आणि तळं पाहून आली.

तळ्याच्या वरच्या अंगाला नवी कॉलनी झाली होती. तिचं सगळं सांडपाणी एका नाल्यानं तळ्यात सोडलं होतं. पाणी काळं झालं होतं. शिंगाडे काढले की काळे निघत, बाजारात कुणी घेत नसे. लीलाच्या पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जखमा होत्या. वस्तीनं अर्ज दिले, पुन्हा दिले. एक दिवस काम सुरू झालं. लोकांना वाटलं, नाला वळवतायत. पण नाला तसाच राहिला. रस्ता आणि तळं यांच्यामध्ये एक लांब, दीड पुरुष उंचीची भिंत उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला तळंही दिसू नये आणि वस्तीही.

नंतर शहर सुशोभित करायची मोहीम निघाली. भिंतींवर चित्रं काढायला लोकांना बोलावलं. शाल्मलीनं नेमकी ती भिंत मागितली. तिला ती मिळाली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती.

त्या रविवारी तिनं माझ्यावरची पायपुसणी काढली, मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, "चल." मित्रांनो, किती वर्षांनी मला कुणी कामासाठी उचललं होतं.

भिंतीवर काम दोन महिने चाललं, आणि तेवढे दिवस मी लीलाच्या दारातच मुक्कामाला होते. लीला माहेरी लग्नघरांच्या भिंतींवर चितेरी काढायला शिकली होती. हत्ती, घोडे, कलश, वेली, सगळं तिच्या बोटांत होतं. शाल्मलीनं वस्तीतल्या सगळ्यांना एकच विचारलं, "तुम्ही कुठून आलात?" कुणी ओरछ्याकडून आलं होतं, कुणी धरणात गेलेल्या गावातून. एक म्हातारा म्हणाला, "हम कहीं से नहीं आए, हम तो पानी से निकले हैं." जो तो आपली जागा काढी आणि खाली नाव आणि गाव लिही. शाल्मलीनं आपल्या वडिलांच्या बाजूचं काढलं. घोडे, तंबू, दक्षिणेतून येणारी वाट. मधोमध तळं काढलं आणि त्यात शिंगाडे तोडणारी एक मोठी बाई. तिचे डोळे लीलाचे होते आणि केस अमेलियाचे. तळ्याचं पाणी आणि त्यात उतरणारा नाला त्यांनी डांबरानं रंगवला. खऱ्या, काळ्याकुट्ट डांबरानं. तळ्यातले मासे ज्या ज्या दिवशी मरून वर आले त्या तारखा त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिल्या.

एका रविवारी अमेलिया स्वतः आली. येताना तिनं ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं एक रंगीत वस्त्र आणलं होतं. तिच्या देशात बायका ते कमरेला गुंडाळतात. चपला खाली काढून ती जपून माझ्यावर चढली. चौथ्या पायरीवर उभी राहून तिनं त्या वस्त्रावरची नक्षी भिंतीवरच्या बाईच्या अंगावर उतरवली. मग खाली उतरून तिनं लीलाला विचारलं, "मैं भी लिखूँ?"

"काहे नहीं, भाभी जी. सबने लिखा है."

पुन्हा चढून तिनं त्या बाईच्या शेजारी देवनागरीत, पहिलीतल्या मुलासारख्या मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: अमेलिया, बेइरा, मोझांबिक. तिनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या वाशाला धरून ती पायरीवर किती तरी वेळ उभी होती.

वर्तमानपत्रात भिंतीचा फोटो आला. त्यात नाला ठळक दिसत होता. तो पाहून वरून हुकूम आला, की तपासणी करणारी माणसं येतील आणि तळ्याचं पाणी बघतील. वस्तीत त्या दिवशी गूळ वाटला. लीलानं माझ्याही पायरीला गुळाचं बोट लावलं.

त्याच आठवड्यात भिंतीचं उद्घाटन झालं. महापालिकेचे एक साहेब आले, टाळ्या झाल्या, भाषणात 'एकता' हा शब्द किती तरी वेळा आला. कॉलनीतल्या एका बाईंनी चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "ये कौन है? अपने यहाँ की तो नहीं लगती."

लीला म्हणाली, "यहीं की है. सिंघाड़े तोड़ रही है, दिखता नहीं?"

सगळे चहाकडे वळले तेव्हा साहेबांनी रामकृष्णाला बाजूला घेतलं. मी जिथं टेकले होते तिथंच.

"भागवत जी, आप ख़ानदानी आदमी हैं, समझदार हैं," ते म्हणाले. "सोमवार को जाँच वाले आ रहे हैं. बस ये नाला और पानी ज़रा नीला हो जाए. नहीं तो मुझे पूरी दीवार पुतवानी पड़ेगी. बिटिया की मेहनत है, मुझे भी अच्छा नहीं लगेगा."

रामकृष्ण म्हणाला, "वो नहीं मानेगी."

"आप तो मानेंगे."

नीट ऐका, मित्रांनो. साहेबांनी एवढंच सांगितलं. नाला आणि पाणी. यापुढे जे झालं ते समजायला हे लक्षात ठेवा.

शनिवारी दुपारी, शाल्मली शाळेत असताना, रामकृष्ण भिंतीशी आला. हातात रंगाचा डबा आणि ब्रश होता. त्यानं लीलाकडे मला मागितलं. तिला वाटलं, बाप मुलीला मदत करायला आलाय. "बाबूजी, चाय बना दूँ?" असं म्हणत तिनं स्वतः मला उचलून त्याला हवं तिथं लावून दिलं.

तो चढला. साठीचा माणूस, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तारखांवर त्यानं निळा रंग ओढला. मग पाणी, मग नाला. लीला चहा घेऊन आली आणि तिथंच थबकली.

"बाबूजी, नाला तो काला है."

"मालूम है, लीला जी. ये करेंगे तो दीवार बचेगी."

लीला मोठ्या माणसाचा हात धरणारी नव्हती. तिनं चहा खाली ठेवला आणि शाल्मलीला बोलवायला शाळेकडे पळाली.

पाणी रंगवून झालं. मला वाटलं, आता हा उतरेल. तो उतरला, पण मला उचलून त्यानं दोन हात बाजूला लावलं आणि पुन्हा चढला. इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग त्यानं ब्रश बुडवला आणि अमेलियाच्या नावापुढचे दोन शब्द पुसून टाकले. बेइरा आणि मोझांबिक. हे करायला त्याला कुणीही सांगितलं नव्हतं.

तो ब्रश धूत असताना शाल्मली आली. धापा टाकत होती. तिनं भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"निळा कुठून आणलात?" तिनं विचारलं.

"घरातलाच. खिडक्यांचा उरला होता."

"आणि आईचं?"

"नाव आहे ना. गाव तेवढं..."

"तेही साहेबांनी सांगितलं?"

त्यानं ब्रश झटकला. "हो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी डांबर घेऊन आल्या तर भिंतीपुढे पाटी लागली होती आणि एक चौकीदार बसला होता. पाटीवर लिहिलं होतं, भिंत आता सुशोभित भिंतींच्या स्पर्धेत उतरवली आहे, चित्राला हात लावायला मनाई आहे. शाल्मली त्याच्याशी खूप भांडली. तो बिचारा एकच म्हणत राहिला, "मैडम, मेरी नौकरी है."

रामकृष्ण मागून आला होता. अमेलिया आपल्या नावापुढच्या निळ्या पट्ट्याकडे बघत होती. न वळता तिनं मराठीत विचारलं, "हे त्यांनी सांगितलं होतं?"

त्यानं पाटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही."

शाल्मलीनं वडिलांकडे पाहिलं आणि डांबराची बादली खाली ठेवली.

अमेलिया म्हणाली, "गोवा मी कधी पाहिला नाही. एकदा दाखवा तरी." आणि ती चालत घराकडे गेली. रिक्षा समोर उभी होती, तीही तिनं घेतली नाही.

सोमवारी तपासणीवाले आले. तिघं जण होते. गाडीतून उतरून रस्त्यावरच उभे राहिले. लीला पदर खोचून त्यांच्यापुढे आली. "साहब, दो मिनट उस पार चलिए. आँख से देख लीजिए." भिंतीच्या टोकाशी पलीकडे जायची वाट होती, पण तिच्यात घोटाभर चिखल होता. एकानं चिखलाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. "देख लिया, देख लिया," म्हणाला. त्यानं भिंतीचा फोटो घेतला, आणि गाडी गेली.

महिन्यानं अहवाल आला. शाल्मलीनं तो भिंतीपाशी उभं राहून वस्तीला वाचून दाखवला. तळ्याचं पाणी स्वच्छ आहे, स्थानिक लोकांनी स्वतःच ते भिंतीवर तसं रंगवलं आहे, सोबत छायाचित्र जोडलं आहे, तक्रार 'निस्तारित' करण्यात येत आहे.  एका म्हाताऱ्यानं विचारलं, "निस्तारित माने?" शाल्मली म्हणाली, "माने ख़तम, दादा."

भिंतीला पहिलं बक्षीस मिळालं. ते घ्यायला शाल्मली गेली नाही, साहेबांनीच घेतलं. आता तिथं रोज लोक येतात आणि निळ्या पाण्यापुढे उभे राहून फोटो काढतात. मागून वास येतो तेव्हा नाकाला रुमाल लावतात, फोटोपुरता काढतात आणि पुन्हा लावतात. त्या वर्षी लीलानं शिंगाडे लावले नाहीत. ती कॉलनीतच भांडी घासायला जाते. त्या भांड्यांचं पाणीही त्याच नाल्यानं तळ्यात येतं.

मला कुणी घरी नेलं नाही. एक दिवस लीलानंच मला उचललं आणि रस्त्याच्या बाजूनं, चित्र संपतं तिथं, भिंतीच्या कोऱ्या कडेला टेकवलं. चौकीदार आला. ती म्हणाली, "भैया, पेंटिंग को हाथ कहाँ लगाया?" त्यानं पाटी पुन्हा वाचून पाहिली. शिडीबद्दल तीत काही नव्हतं. तो परत जाऊन बसला.

तेव्हापासून फोटो काढणाऱ्यांना लीला एकच सांगते, "ऊपर चढ़ के भी देख लीजिए." शाळा सुटल्यावर शाल्मली येते आणि तीही तिथं उभी राहते. पहिल्या दिवशी एक मुलगी चढली, नाक दाबून उतरली आणि तरीही निळ्या पाण्यापुढे उभी राहून फोटो काढून गेली. काही जण वर चढून आपलाच फोटो काढतात. एका लठ्ठ गृहस्थांनी माझी पाचवी पायरी मोडली आणि उलट लीलावरच ओरडले. आणखी एक पायरी अशीच गेली. खाली उतरताना ज्यांचा चेहरा बदललेला होता अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकीच.

थंडी सरताना रामकृष्ण आला. घरात त्याच्याशी फारसं कुणी बोलत नाही हे त्याच्या शर्टाच्या चुरगळलेल्या कॉलरवरून कळत होतं. त्यानं लीलाला नमस्कार केला आणि चढायला लागला. शाल्मलीनं खालून मला घट्ट धरलं. त्यानं एकदा खाली तिच्याकडे पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही.

तो वर उभा राहिला आणि पलीकडे बघत राहिला. काळं पाणी, त्यावर फेस, काठाला लागलेल्या रिकाम्या ट्यूबा.

"हे त्या दिवशीही असंच होतं?" त्यानं विचारलं.

"असंच होतं," शाल्मली म्हणाली. "तुम्ही तिकडे बघितलं नाहीत."

घरी जाऊन त्यानं तपासणीवाल्यांना पत्र लिहिलं. निळा रंग मी दिला, वस्तीनं नाही, असं सहीनिशी कळवलं. त्याची प्रत त्यानं लीलाकडे आणून दिली. त्याला चार महिने झाले. उत्तर आलेलं नाही. बेइरा आणि मोझांबिक हे शब्द अजून निळ्याखालीच आहेत, आणि अमेलिया त्या रस्त्यानं जात नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी सांगायचं असतं की आम्हाला जपा. माझं तसं काही मागणं नाही. मी लाकूड आहे, एक दिवस चुलीत जाईन. पण तोवर सीपरी बाजारकडून येणार असाल तर या. फोटो काढायचा तर काढा. मग चपला काढा, मोडलेल्या दोन पायऱ्या सांभाळा आणि वर चढा. नाक झाकायचं तर झाका, डोळे तेवढे उघडे ठेवा. आणि घरी गेल्यावर कुणी विचारलं, तळ्याचं पाणी कसं आहे, तर काळं आहे म्हणून सांगा.